मूलद्रव्यांचे बारसे

सोने, रुपे, तांबे, लोखंड, कथील, शिसे आणि पारा या सात धातूंची नावे कोणी ठेवली, याला उत्तर नाही. माती, पाणी, मीठ या शब्दांसारखेच हे शब्दही लोकांच्या बोलण्यात घडले आणि प्रत्येक भाषेने ते आपापले घडवले. गंधक आणि कोळसा यांचेही तसेच. ही मूलद्रव्ये आहेत, यांना कितीही फोडले तरी यांच्याहून साधे काही हाती लागत नाही, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, आणि सोनाराला किंवा तांबटाला त्यावाचून काही अडतही नव्हते. मूलद्रव्याला विचारपूर्वक नाव द्यायचे, त्या नावाचे कारण सांगायचे आणि ते विद्वानांपुढे मांडून मान्य करून घ्यायचे, ही रीत जेमतेम अडीचशे वर्षांची आहे. तिच्यातून आज ११८ मूलद्रव्यांना नावे आणि संज्ञा मिळाल्या आहेत. नाव देणाऱ्याला त्या दिवशी जे ठाऊक होते, जे खरे वाटत होते किंवा जे प्रिय होते, ते त्या नावात कायमचे राहून गेले. पुढे समजूत खोटी ठरली तरी नाव बदलले नाही.

युरोपातल्या किमयागारांनी सात धातूंची सात ग्रहांशी सांगड घातली होती. सोने सूर्याचे, रुपे चंद्राचे, लोखंड मंगळाचे, तांबे शुक्राचे, कथील गुरूचे, शिसे शनीचे आणि चंचल पारा बुधाचा. ग्रहांची चिन्हे हीच धातूंची चिन्हे. मधोमध ठिपका असलेले वर्तुळ काढले की सोने आणि चंद्रकोर काढली की रुपे. ही खरे तर पहिली रासायनिक लिपी म्हणायची, पण ती मुद्दाम गूढ राखलेली होती. प्रत्येक गुरू आपल्या शिष्यांपुरती वेगळी चिन्हे वापरी आणि एकाची पोथी दुसऱ्याला लागत नसे. भारतातल्या रसशास्त्रात पाऱ्याला पहिला मान होता. ‘रस’ म्हणजे पाराच, आणि शास्त्राचे नावही त्याच्यावरून पडले. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात खनिजातून जस्त काढण्याची कृती आहे, आणि उदयपूरजवळच्या झावरच्या खाणींत ते शेकडो वर्षे मोठ्या प्रमाणावर काढले जात होते. युरोपात मार्गग्राफने १७४६ मध्ये जस्त वेगळे काढून त्याचे वर्णन केले, तेव्हा इकडे त्याला नाव मिळून पिढ्या लोटल्या होत्या.

खाणकामगारांनी दिलेल्या नावांत त्यांचे कष्ट आणि त्यांची भीती दोन्ही उतरली आहेत. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरांत रुप्याच्या खाणी होत्या. तिथे कधी कधी असे खनिज सापडे की भट्टीत घातल्यावर रुपे तर निघत नसेच, उलट सोमलाचा विषारी धूर निघून माणसे आजारी पडत. जमिनीखाली राहणाऱ्या ‘कोबोल्ड’ नावाच्या खट्याळ भुतांनी चांगले खनिज पळवले आणि हे वाईट खनिज तिथे ठेवले, अशी कामगारांची समजूत. दुसरे एक खनिज तांब्यासारखे लालसर दिसे, पण त्यातून तांबे काही केल्या निघत नसे. त्याला ते ‘कुप्फरनिकेल’ म्हणत, म्हणजे तांब्याचे सोंग घेतलेले भूत. पुढे स्वीडनमध्ये ब्रांटने १७३० च्या दशकात पहिल्यातून एक नवा धातू ओळखला आणि क्रोन्स्टेटने १७५१ मध्ये दुसऱ्यातून दुसरा. दोघांनीही कामगारांचेच शब्द उचलले, आणि कोबाल्ट व निकेल या नावांनी ती भुते आवर्तसारणीत शेजारी शेजारी येऊन बसली.

अठराव्या शतकाच्या शेवटी रसायनशास्त्रातल्या नावांचा गोंधळ असह्य झाला होता. पदार्थांना रंगावरून, गावावरून, रूपावरून नावे पडलेली होती. ‘अँटिमनीचे लोणी’, ‘जस्ताची फुले’, ‘व्हिट्रिऑलचे तेल’. मराठीतले मोरचूद, हिराकस, टाकणखार, नवसागर हे शब्द याच जातीचे आहेत. बोलायला गोड, बाजारात सोयीचे, पण मोरचुदात तांबे आहे आणि हिराकसात लोखंड आहे, हे नाव ऐकून कळत नाही. दिजाँचे वकील आणि रसायनज्ञ गितों द मोर्व्हो यांनी १७८२ मध्ये नावे सुधारण्याची योजना मांडली. मग लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्र्वा यांच्यासह चौघांनी १७८७ मध्ये पॅरिसमध्ये नव्या नामपद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. संयुगाच्या नावातून त्याचे घटक कळले पाहिजेत, हे तिचे सूत्र. त्यासाठी आधी घटकांची, म्हणजे मूलद्रव्यांची, नावे पक्की असायला हवी होती. लाव्हाझिएने १७८९ च्या ग्रंथात ३३ साध्या पदार्थांची यादी दिली. तिच्यात प्रकाश आणि उष्णता यांनाही जागा होती आणि चुनाही होता. ज्याचे आणखी विघटन करता आले नाही ते साधे, इतकाच त्याचा निकष होता, आणि तो प्रामाणिक होता.

याच मंडळींनी ऑक्सिजन, हायड्रोजन आणि अझोट ही नावे ग्रीक शब्द जोडून तयार केली. हायड्रोजन म्हणजे पाणी निर्माण करणारा. त्यात काहीच चुकले नाही. ऑक्सिजन म्हणजे आम्ल निर्माण करणारा. आंबटपणा या वायूमुळेच येतो, अशी लाव्हाझिएची खात्री होती. पण मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन सापडेना, आणि १८१० मध्ये लंडनच्या हम्फ्री डेव्हीने तो त्यात नाहीच असे ठामपणे सांगितले. त्या आम्लातून निघणाऱ्या हिरवट वायूला त्याने फिकट हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून क्लोरीन म्हटले. म्हणजे ऑक्सिजनचे नाव तेवीस वर्षांतच खोटे ठरले होते. तोपर्यंत ते इतके रुळले होते की ते बदलावे असे कोणाला वाटले नाही, आणि जर्मन भाषेने तर त्याचे भाषांतर करून ‘आंबट द्रव्य’ हाच शब्द कायम केला. लाव्हाझिएला ही चूक पाहावी लागली नाही. ८ मे १७९४ रोजी क्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला होता. मराठीने इथे वेगळी वाट धरली. ‘प्राणवायू’ या शब्दात आम्लाचा सिद्धांत नाही, श्वासाचा अनुभव आहे, आणि म्हणून तो अजूनही खरा आहे. अझोट म्हणजे ज्यात जीव जगत नाही तो. पण इतरही कितीतरी वायूंत जीव जगत नाही. म्हणून शाप्तालने १७९० मध्ये, सोऱ्यातला घटक म्हणून, त्याला नायट्रोजन नाव सुचवले. फ्रेंचमध्ये मात्र अझोट आजही टिकून आहे.

नावे झाली, पण ती लिहायची कशी? १७८७ च्या त्याच पुस्तकात हासेनफ्रात्झ आणि आदे या दोन तरुणांनी सरळ रेषा, अर्धवर्तुळे, चौकोन अशी भूमितीची चिन्हे सुचवली होती. ती कोणी उचलली नाहीत. मग मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने अणुसिद्धांताबरोबर स्वतःची चिन्हे आणली. १८०८ च्या ग्रंथात ती छापून आली. प्रत्येक अणू म्हणजे एक छोटे वर्तुळ. रिकामे वर्तुळ ऑक्सिजनचे, मध्ये ठिपका असलेले हायड्रोजनचे, उभी रेघ असलेले नायट्रोजनचे, पूर्ण काळे भरलेले कर्बाचे. धातूंसाठी वर्तुळात इंग्रजी आद्याक्षर. किमयागारांच्या चिन्हांपेक्षा यात एक मोठी गोष्ट नवीन होती. डाल्टनचे चिन्ह पदार्थाचे नव्हते, पदार्थाच्या एका अणूचे होते. दोन वर्तुळे शेजारी काढली की दोन अणू जुळलेले दिसत. मोजमाप चिन्हातच आले होते.

अडचण कागदावर होती. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या कप्प्यांत अक्षरे असतात, ठिपक्यांची आणि रेघांची वर्तुळे नसतात. प्रत्येक चिन्हासाठी वेगळा खिळा पाडायचा किंवा ठसा खोदायचा, आणि नवे मूलद्रव्य सापडले की पुन्हा तोच खर्च. ही अडचण ज्याने नेमकी ओळखली तो स्टॉकहोमचा याकोब बर्झेलिअस. शेकडो संयुगांची वजने करून त्यांचे घटक ठरवण्याचे प्रचंड काम त्याने हाती घेतले होते. रोज वहीत तीच लांबलचक नावे लिहिताना त्याला आखूड खुणांची गरज पडली. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका नियतकालिकात त्याने आपली पद्धत मांडली. रासायनिक संज्ञा म्हणजे अक्षरेच असावीत, कारण ती लिहायला सोपी असतात आणि छापील पान विद्रूप करत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. अणूची कल्पना त्याने डाल्टनकडून घेतली आणि वर्तुळ टाकून दिले.

नियम साधा होता. मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे आद्याक्षर घ्यायचे. अधातूंना एकच अक्षर, ते दुसऱ्या कोणाचे आद्याक्षर असले तरी. म्हणून गंधकाला एकटे ‘एस’ मिळाले आणि कर्बाला एकटे ‘सी’. धातूचे आद्याक्षर आधी गेलेले असेल तर त्याची पहिली दोन अक्षरे घ्यायची. पहिली दोनही सारखीच असतील तर आद्याक्षर आणि दोघांत न जुळणारे पहिले व्यंजन. कथील हे लॅटिनमध्ये स्टॅनम आणि अँटिमनी हे स्टिबिअम. दोन्ही ‘एसटी’नेच सुरू होतात. म्हणून कथिलाला ‘एसएन’ मिळाले. अँटिमनीला बर्झेलिअसने आधी ‘एसटी’ दिले होते, ते पुढे ‘एसबी’ झाले. लॅटिनची निवड विद्वत्ता मिरवण्यासाठी नव्हती. स्वीडिश, फ्रेंच, इंग्रज आणि जर्मन रसायनज्ञ एकमेकांची भाषा सोडून देणार नव्हते. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणून तिच्यावर भांडण नव्हते. बर्झेलिअसच्या पद्धतीत अणूंची संख्या अक्षराच्या वर लिहिली जाई. लीबिशने १८३४ मध्ये ती खाली आणली, आणि आज रेणुसूत्रात ती तिथेच असते.

डाल्टनला ही पद्धत शेवटपर्यंत पटली नाही. बर्झेलिअसच्या संज्ञा भयंकर आहेत, त्या शिकण्यापेक्षा विद्यार्थ्याला हिब्रू शिकणे सोपे जाईल, अशी तक्रार त्याने म्हातारपणी एका पत्रात केली. ती निव्वळ मत्सराची नव्हती. वर्तुळांत अणूंची मांडणी डोळ्यांना दिसत होती. अक्षरांत ती दिसत नाही. पण अक्षरांनी जे मिळवून दिले ते फार मोठे होते. टोकियोच्या, काझानच्या आणि पुण्याच्या फळ्यावर पाण्याचे रेणुसूत्र एकच दिसते. मराठी पाठ्यपुस्तकात धडा मराठीत आणि संज्ञा रोमन अक्षरांत, हे दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयाचेच फळ आहे. एकोणीसशे चाळीस-पन्नासच्या दशकांत डॉ. रघुवीर यांनी मूलद्रव्यांना कर्बासाठी ‘प्रांगार’, ऑक्सिजनसाठी ‘जारक’ अशी संस्कृत नावे घडवली. शब्दरचना म्हणून ती कसदार होती, तरी चालली नाहीत. जगाशी जोडलेला धागा तोडायला शास्त्र शिकणारे तयार नव्हते.

शाळेतल्या मुलाला पहिला पेच पडतो तो सोडिअम आणि पोटॅशिअमपाशी. सोडिअमची संज्ञा ‘एनए’ आणि पोटॅशिअमची ‘के’ का? डेव्हीने १८०७ च्या ऑक्टोबरात, काही दिवसांच्या अंतराने, वितळलेल्या खारांतून वीज सोडून हे दोन्ही धातू वेगळे केले आणि सोडा व पोटॅश या इंग्रजी शब्दांवरून त्यांची नावे ठेवली. पोटॅश म्हणजे भांड्यातली राख. लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून जो खार मिळे तो हा. जर्मनांना ही नावे रुचली नाहीत. त्यांनी राखेसाठीचा अरबी शब्द ‘अल-कली’ घेऊन कालिअम केले आणि ‘नेट्रॉन’वरून नेट्रिअम. नेट्रॉन म्हणजे इजिप्तच्या वाळवंटातल्या सरोवरांत साचणारा खार. प्रेते टिकवण्यासाठी प्राचीन इजिप्शियन तोच वापरत. बर्झेलिअसने जर्मनांची बाजू घेतली. इंग्रजीत डेव्हीची नावे राहिली आणि साऱ्या जगात जर्मनांच्या संज्ञा. गंमत अशी की नायट्रोजनचा ‘एन’ आणि सोडिअमचा ‘एनए’ शेवटी एकाच प्राचीन इजिप्शियन शब्दापाशी पोचतात. ग्रीकांनी त्याचे ‘निट्रॉन’ केले, अरबांनी ‘नत्रून’, आणि युरोपात तो दोन वेगवेगळ्या दारांनी आत आला.

हा इतिहास महाराष्ट्रातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात खताच्या पोत्यावर वाचायला मिळतो. पोत्यावर ‘एनपीके’ ही तीन अक्षरे आणि खाली १०:२६:२६ किंवा १९:१९:१९ असे आकडे. शेतकरी त्यांना नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणतो. ‘पी’ म्हणजे फॉस्फरस, ग्रीकमध्ये प्रकाश वाहून आणणारा. हाम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ मध्ये मूत्र आटवून आटवून त्यातून अंधारात चमकणारा हा पदार्थ काढला होता. परीस शोधायला निघालेल्या माणसाला मूलद्रव्य सापडले. मराठीने ‘स्फुर्’ या संस्कृत धातूवरून स्फुरद हा शब्द केला, आणि ती चमक शब्दात जशीच्या तशी आली. परिभाषेतल्या फार थोड्या शब्दांच्या नशिबी बांधावरच्या बोलण्यात जाऊन बसणे असते. स्फुरद तिथे पोचला, हे तो घडवणाऱ्याचे मोठे यश आहे.

इंग्रजी नावांशी संज्ञा जुळत नाही अशी मूलद्रव्ये एकूण अकरा. सोने, रुपे, तांबे, लोखंड, कथील, शिसे, पारा, अँटिमनी, सोडिअम, पोटॅशिअम ही दहा, आणि अकरावे टंगस्टन. पाऱ्याची ‘एचजी’ ही संज्ञा हायड्रार्जिरम या शब्दावरून, म्हणजे पाण्यासारखे रुपे. तांब्याचे क्युप्रम हे सायप्रस बेटावरून, कारण रोमनांना तांबे तिथून मिळे. टंगस्टन हा स्वीडिश शब्द, अर्थ जड दगड. त्याची संज्ञा ‘डब्ल्यू’ मात्र वोल्फ्राम या जर्मन शब्दावरून आली, आणि त्या शब्दात लांडगा आहे. हे खनिज मिसळले की कथील कमी निघे; लांडगा मेंढ्या खातो तसे ते कथील खाते, असे खाणीतले लोक म्हणत. स्वतः स्वीडिश लोक आज या धातूला वोल्फ्रामच म्हणतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नवी मूलद्रव्ये भराभर सापडू लागली आणि नावे कुठून आणायची हा प्रश्न उभा राहिला. बर्लिनचा क्लाप्रोथ या बाबतीत सावध होता. गुणधर्मावरून नाव द्यावे आणि पुढे तो गुणधर्म खोटा ठरावा, त्यापेक्षा काहीच सिद्धांत न सांगणारे नाव बरे, असे त्याचे मत होते. हर्शेलने १७८१ मध्ये शोधलेल्या युरेनस ग्रहावरून त्याने १७८९ मध्ये युरेनिअम नाव दिले आणि १७९५ मध्ये ग्रीक पुराणातल्या पृथ्वीपुत्रांवरून टायटॅनिअम. ऑक्सिजनच्या नावाचे जे झाले ते पाहता क्लाप्रोथचा विचार दूरदृष्टीचा होता. बर्झेलिअसनेही तीच वाट धरली. सीरिस या लघुग्रहावरून सिरिअम, चंद्रावरून सेलेनिअम, थॉर या नॉर्स देवावरून थोरिअम.

एका खेड्याचा वाटा इथे थांबून पाहावा असा आहे. स्टॉकहोमजवळच्या एका बेटावर यिटरबी नावाची वस्ती आहे. नावाचा अर्थ बाहेरचे गाव. तिथल्या खाणीतून चिनी मातीच्या भांड्यांसाठी फेल्डस्पार काढत. १७८७ मध्ये आरेनिअस नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याला तिथे कोळशासारखा काळा पण विलक्षण जड दगड सापडला. फिनलंडमधल्या योहान गाडोलिनने १७९४ मध्ये त्याचे पृथक्करण करून त्यात एक नवे द्रव्य असल्याचे सांगितले, आणि त्याला गावावरून ‘यिट्रिया’ नाव पडले. ते एकच द्रव्य आहे असे जवळजवळ पन्नास वर्षे समजत होते. १८४३ मध्ये मोसांडरने चिकाटीने ते तिघांत विभागले. नावांसाठी त्याने गावाच्या नावाचेच तुकडे केले: यिट्रिया, टर्बिया, अर्बिया. या तिघांचे गुणधर्म इतके सारखे की पुढच्या संशोधकांच्या हातून टर्बिया आणि अर्बिया यांच्या नावांची अदलाबदल झाली आणि ती तशीच राहिली. मोसांडरने ज्याला टर्बिअम म्हटले असते तो आजचा अर्बिअम. १८७८ मध्ये मारिन्याकने अर्बियातून आणखी एक मूलद्रव्य काढले आणि यिटर्बिअम म्हटले. एका खेड्यावरून चार नावे! त्याच खनिजांचा पाठपुरावा करताना होल्मिअम, थुलिअम, स्कँडिअम हीही सापडली. त्यांत स्टॉकहोमचे लॅटिन नाव, उत्तरेच्या टोकाच्या प्राचीन देशाचे नाव आणि स्कँडिनेव्हिया आहे. गाडोलिनिअमने त्या पहिल्या पृथक्करणाची आठवण ठेवली.

ज्योतीच्या प्रकाशाचे वर्णपट पाहण्याचे तंत्र बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी हायडेलबर्गला विकसित केले, आणि नावे रंगांवरून पडू लागली. १८६० मध्ये आकाशी निळ्या रेषांवरून सीझिअम, पुढच्या वर्षी गडद तांबड्यावरून रुबिडिअम आणि कोवळ्या हिरव्या फांदीवरून थॅलिअम. फ्रायबेर्गच्या फेर्डिनांड राइशला रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपट पाहण्याचे काम त्याने आपल्या सहायकाला, रिष्टरला, सांगितले. १८६३ मध्ये रिष्टरला निळीच्या रंगाची एक अनोळखी रेषा दिसली, आणि इंडिअम हे नाव झाले. इंडिगो म्हणजे नीळ, आणि युरोपात त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘हिंदुस्थानातली’ इतकाच. ज्या देशातून नीळ जात होती त्याचे नाव असे आडवाटेने आवर्तसारणीत शिरले.

हेलिअमची कथा तर दख्खनमधूनच जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानातून दिसणार होते. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला आला. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीतर्फे ज्येष्ठ हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखिंडीत दुर्बीण लावून बसला होता. सूर्यबिंबाच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट निरीक्षकांना प्रथमच नीट दिसला आणि त्यात एक पिवळी रेषा होती. ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियरने इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तीच रेषा पाहिली. ती सोडिअमच्या रेषांशी जुळत नव्हती, पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी जुळत नव्हती. सूर्यात एक वेगळेच मूलद्रव्य आहे असे त्याने मानले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून ते हेलिअम झाले. शेवटचा ‘-इअम’ हा धातूंसाठीचा प्रत्यय. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला हे मूलद्रव्य पृथ्वीवर एका युरेनिअमच्या खनिजात सापडले, तेव्हा तो वायू निघाला. पुढच्या निष्क्रिय वायूंना रॅम्झीने ‘-ऑन’ प्रत्यय दिला: निऑन म्हणजे नवा, क्रिप्टॉन लपलेला, झेनॉन परका. हेलिअमचा धातूचा प्रत्यय मात्र तसाच राहिला.

विजयदुर्गच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवतात, आणि लॉकियरने १८६८ मध्ये हेलिअम तिथून शोधला असे कोकणात सांगतात. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरे, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आरमारी जहाजाच्या मदतीने. याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी सोलापूर भागातल्या जेऊरला तळ दिला होता. तोवर हेलिअम प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षे झाली होती. विजयदुर्गचे खरे श्रेय वर्षांची गल्लत न करताही पुरेसे मोठे आहे.

संस्कृतचा थेट वापर केला तो रशियाच्या मेंडेलेएव्हने. १८६९ च्या आवर्तसारणीत त्याने रिकाम्या जागा सोडल्या आणि १८७१ मध्ये तीन न सापडलेल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच लिहून ठेवले. त्यांना तात्पुरती नावे हवी होती. सारणीत वरच्या घरात जे असेल त्याच्या नावामागे त्याने ‘एक’ हा संस्कृत अंक लावला: एक-बोरॉन, एक-अ‍ॅल्युमिनिअम, एक-सिलिकॉन. दोन घरे खाली असेल तर ‘द्वि’. बोथलिंक या थोर संस्कृत कोशकाराने सेंट पीटर्सबर्गला बरीच वर्षे काम केले होते आणि पाणिनीचा अभ्यास तिथे जिवंत होता. पण मेंडेलेएव्हने संस्कृतच का निवडले, हे त्याने कुठे सांगितलेले दिसत नाही. ती तिन्ही घरे पंधरा वर्षांत भरली आणि तिन्ही नावे देशांकडे गेली. १८७५ मध्ये फ्रान्सच्या प्राचीन नावावरून गॅलिअम, १८७९ मध्ये स्कँडिअम, १८८६ मध्ये जर्मेनिअम. गॅलिअमचा शोधक लकॉक द बुआबोद्राँ. ‘कॉक’ म्हणजे कोंबडा आणि लॅटिनमध्ये कोंबड्याला ‘गॅलस’ म्हणतात. त्याने स्वतःचेच नाव दडवले, असा संशय लोकांनी घेतला. त्याने तो नाकारला.

देशप्रेमाची सर्वांत हृदयस्पर्शी खूण म्हणजे पोलोनिअम. जुलै १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी ते जाहीर केले तेव्हा पोलंड नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले होते. मारीने आपला नाहीसा झालेला देश मूलद्रव्यांच्या यादीत लिहून ठेवला, वीस वर्षांनी तो नकाशावर परत येण्यापूर्वीच.

नावांवरून वादही झाले आणि काही शंभर वर्षे चालले. १८०१ मध्ये हॅचेटने अमेरिकेतून आलेल्या एका खनिजात कोलंबिअम शोधले. १८४४ मध्ये रोझने त्याच मूलद्रव्याला ग्रीक पुराणातल्या टँटॅलसच्या मुलीवरून निओबिअम म्हटले. अमेरिका एक नाव वापरी, युरोप दुसरे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९४९ मध्ये निओबिअमच्या बाजूने निकाल दिला. त्याच बैठकीत बेरिलिअमचाही निकाल लागला; फ्रेंच त्याला चवीच्या गोडपणावरून ग्लुसिनिअम म्हणत. १९५७ मध्ये आरगॉनची संज्ञा ‘ए’वरून ‘एआर’ झाली.

अणुभट्ट्या आणि त्वरक आल्यावर मूलद्रव्ये सापडण्याऐवजी घडवली जाऊ लागली, आणि नावांत राजकारण शिरले. आइन्स्टाइनिअम आणि फर्मिअम हे १९५२ च्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीच्या राखेत सापडले आणि १९५५ पर्यंत गुप्त होते. १०४ पासूनच्या मूलद्रव्यांवर अमेरिकेतल्या बर्कलीने आणि रशियातल्या दुब्नाने दोघांनीही हक्क सांगितला. एकाच मूलद्रव्याला एका देशात कुर्चाटोव्हिअम आणि दुसऱ्यात रदरफोर्डिअम म्हणत. १०६ ला अमेरिकनांनी ग्लेन सीबोर्गचे नाव दिले तेव्हा तो हयात होता, म्हणून आयुपॅकने १९९४ मध्ये ते नाकारले. अमेरिकन रसायनज्ञ हटले नाहीत. अखेर १९९७ मध्ये तडजोड झाली: १०४ रदरफोर्डिअम, १०५ डुब्निअम, १०६ सीबोर्गिअम. सीबोर्गने ते डोळ्यांनी पाहिले. तो १९९९ मध्ये वारला.

आता रीत ठरलेली आहे. आयुपॅक आणि भौतिकशास्त्राची तशीच संघटना मिळून शोधाचा दावा तपासतात. मग शोधकांनी नाव सुचवायचे. ते पुराणकथा, खगोलीय वस्तू, खनिज, ठिकाण, गुणधर्म किंवा शास्त्रज्ञ यांपैकी कशावरून तरी असावे. त्यावर पाच महिने कोणीही मत कळवू शकतो आणि नंतर ते पक्के होते. एकदा वापरून टाकलेले नाव किंवा संज्ञा पुन्हा वापरायची नाही, यावर कटाक्ष असतो. ११२ ला कोपर्निकसचे नाव देताना आधी ‘सीपी’ ही संज्ञा सुचवली होती. पण जर्मन ग्रंथांत ती एके काळी लुटेशिअमच्या दुसऱ्या नावाची होती, म्हणून ‘सीएन’ केली आणि कोपर्निकसच्या जन्मदिवशी, १९ फेब्रुवारी २०१० रोजी, जाहीर केली.

जपानला हाच नियम सोसावा लागला. मासाताका ओगावा यांनी १९०८ मध्ये ४३ वे मूलद्रव्य सापडल्याचे सांगून त्याला निप्पोनिअम नाव दिले होते. दुसऱ्या कोणाला ते सापडले नाही आणि नाव पुसले गेले. त्याची ‘एनपी’ ही संज्ञा पुढे नेपच्यूनिअमकडे गेली. ओगावांच्या हाती खरे तर ७५ वे, आज ज्याला ऱ्हेनिअम म्हणतात ते, आले होते; त्यांनी ते चुकीच्या घरात बसवले, हे पुढे जपानी संशोधकांनी दाखवले. मग रिकेन या संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाने बिस्मथवर जस्ताच्या अणुकेंद्रांचा मारा सुरू केला. वर्षानुवर्षांच्या माऱ्यातून ११३ व्या मूलद्रव्याचे तीनच अणू मिळाले: २००४ मध्ये एक, २००५ मध्ये दुसरा आणि २०१२ मध्ये तिसरा. प्रत्येक अणू क्षणार्धात विरून गेला. निप्पोन हा शब्द जपानला परत वापरता येणार नव्हता. जपानचे दुसरे नाव निहोन. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी निहोनिअम मंजूर झाले, आणि त्याच दिवशी मॉस्कोवरून मॉस्कोव्हिअम, टेनेसीवरून टेनेसिन आणि तेव्हा हयात असलेल्या युरी ओगानेसिअन यांच्यावरून ओगानेसॉन. ओगानेसॉन निष्क्रिय वायूंच्या रांगेत येते म्हणून त्याला रॅम्झीचा ‘-ऑन’ आणि टेनेसिन क्लोरीनच्या रांगेत म्हणून ‘-इन’.

सारणीची सातवी ओळ तिथे भरली. पुढच्या घराला तूर्त आकड्यांवरून बनवलेले कामचलाऊ नाव आहे, १९७० च्या दशकाच्या अखेरीस ठरलेल्या पद्धतीचे: एक, एक, नऊ यांच्यासाठी ‘उन’, ‘उन’, ‘एन’, आणि शेवटी ‘-इअम’. या उनउनएनिअमची संज्ञा तीन अक्षरी आहे. खरे नाव मिळेल तेव्हा ती दोन अक्षरांची होईल.